आमचं घर लिलावात निघतं

"अगं, एवढी अडचण होती तर आधी सांगायचं होतंस. आपली माणसं कशासाठी असतात?" नागपूरहून आत्येसासूबाईंचा फोन. आवाज रडवेला. माझ्या मुलीने स्टेटस ठेवलं होतं, 'आमच्या घरातल्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव!' लिलाव म्हटला की आत्याबाईंच्या डोळ्यांपुढे बँकेची जप्ती, दारावर नोटीस आणि डोक्याला हात लावून बसलेला त्यांचा भाचा. भाचा त्या वेळी डोक्याला हात लावून बसलेला होता हे खरं, पण ते माळ्यावरची धूळ डोळ्यात गेल्यामुळे.

झालं होतं एवढंच की डोंबिवलीतली आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने भाडं ठरवून दिलं, सामान हलवायचे पैसे दिले, नव्या घराचा गुळगुळीत नकाशा दिला. फक्त तोवर हे सगळं सामान ठेवायचं कुठे ते सांगितलं नाही. भाड्याचं घर वन बीएचके, आणि त्याला माळा नाही. माळा नसलेलं घर म्हणजे लॉजची खोली, असं सासूबाईंचं म्हणणं. आमच्या माळ्यावरून काय काय उतरलं ते पाहून मीही त्यांच्या पक्षात गेले. तांब्याचा बंब, बंद पडलेली घरघंटी, व्हीसीआर, लोखंडी फोल्डिंग कॉट, न उघडलेले लेमन सेट (लेमन सेट कोणी विकत घेत नाही, तो फक्त एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जातो) आणि आमच्या ह्यांची खोकी.

खोक्यांबद्दल आधीच सांगून टाकते. ह्यांनी लग्नापासून आजवर घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं खोकं थर्माकोलसकट जपून ठेवलंय. "वॉरंटीला लागतं." वस्तूची वॉरंटी संपते, पुढे वस्तूही संपते. खोकं मात्र माळ्यावर सुखरूप असतं.

लिलावाची कल्पना मुलीची. तिने जेवताना आम्हाला ईबेची गोष्ट सांगितली. १९९५ मध्ये अमेरिकेत पियेर ओमिडयार नावाच्या माणसाने ही लिलावाची वेबसाइट सुरू केली आणि तिथे पहिली वस्तू विकली गेली ती म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. १४.८३ डॉलरला! ओमिडयारने घेणाऱ्याला विचारलं, अहो, हा मोडलाय हे कळलंय ना तुम्हाला? तो म्हणाला, मी मोडकेच लेझर पॉइंटर जमवतो. सासूबाईंचा घास हातातच राहिला. "मग आपली घरघंटी तर नुसती आवाज करत नाही एवढंच."

पण आपल्याकडचं ईबे २०१८ मध्येच बंद झालंय. म्हणून वस्तू चढवल्या जुन्या सामानाच्या एका अॅपवर, 'तुमची बोली सांगा' असं लिहून. आणि बोलीच्या आधी भाव ठरवताना घरात महाभारत. मुलगी अर्थशास्त्र शिकते. तिने आजीला काहनेमन, थेलर वगैरे संशोधक मंडळींचा १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ऐकवला. विद्यापीठातल्या काही मुलांना कॉफीचे मग वाटले, आणि ते मग विकायचे झाले तर काय घ्याल असं विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते ते जेवढे पैसे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट किंमत मग मिळालेल्या मुलांनी मागितली. हातात आलेली वस्तू माणसाला उगाच मोलाची वाटायला लागते. "दुप्पटच?" सासूबाई म्हणाल्या. "साधी होती गं पोरं." आणि बंबाची किंमत आणखी पाचशेने वाढवली.

फोटो काढले. फोटोतल्या वस्तूला गिऱ्हाईक येत नाही, तिच्या मागे जे दिसतं त्याला येतं, हा या धंद्याचा पहिला नियम. कॉटच्या फोटोवर पहिला मेसेज: 'मागे फ्रिज आहे तो देणार का?' दुसरा: 'लास्ट प्राइस?' पहिली प्राइसही कोणी बोललेलं नसताना हा माणूस थेट शेवटाला. तिसऱ्याने व्हीसीआरच्या बदल्यात माशांसकट मत्स्यालय देऊ केलं. व्हीसीआर नेणारा टेंपो व्हीसीआरपेक्षा महाग, हे कळल्यावर चौथा आमच्यावरच रागावला.

मग आले 'आर्मीवाले'. बंबाचा फोटो पाहून लगेच होकार, घासाघीस नाही, आर्मीच्या ओळखपत्राचा फोटो, सगळं शिस्तीत. "मैं अभी पेमेंट करता हूँ, आप बस ये क्यूआर स्कॅन करके पिन डालो." मी फोन स्पीकरवर टाकला. सासूबाई पुढे सरसावल्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, हे त्यांना भाजीवाल्याने कधीच शिकवलेलं. पण त्या पिनवर गेल्याच नाहीत. "बेटा, कौनसा रेजिमेंट? हमारा भाऊ मराठा लाइट इन्फंट्री में था, बेलगाव को. तुम्हारा सेंटर किधर? और बॉर्डर पे बंब किसको चाहिए? उधर लाकडं मिलता है?" जवानाने माघार घेतली. त्यानंतर दिवसभर सासूबाईंचा चेहरा सीमेवरून परतल्यासारखा होता.

त्याच जोशात त्यांनी डब्यातून ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट आणि वैष्णोदेवीचं नाणं काढलं. ह्याचे लाखो मिळतात म्हणे. त्यावर २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचं नाव घेऊन पैसे मागणारे भामटे आहेत, आम्ही असल्या व्यवहारात नसतो. नोट पुन्हा डब्यात गेली. विकायची नव्हतीच, असं त्यांनी जाहीर केलं.

भांड्यांची गोष्ट वेगळी. एक बाई खरोखर घरी आल्या, स्टीलचं मोठं पातेलं बघायला. उलटसुलट करून पाहिलं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वाचली: 'चि. सौ. कां. हिस काकाकडून सप्रेम भेट. १२-५-८१'. कोरणाऱ्याची जागा संपत आल्यामुळे 'भेट' मधला 'ट' पार कडीखाली गेलेला. "हे नाव घासून मिळेल का?" बाईंनी विचारलं. सासूबाईंनी पातेलं त्यांच्या हातून काढून घेतलं, स्वयंपाकघरात नेलं आणि त्यात भात लावला. सौदा संपला.

"यापेक्षा आमची बोहारीण बरी," रात्री त्यांचं चालू झालं. उंबऱ्यात फतकल मारून बसायची. साडी उजेडाकडे धरून विरलेलं बरोबर शोधायची. डबा हवा तर अजून एक पँट टाका म्हणायची. सासूबाई उठून आत जायच्या, ती टोपली उचलून जिना उतरायची, दुसऱ्या मजल्यावर थांबायची, ह्या गॅलरीतून हाक मारायच्या. एका झाकणासाठी सगळी दुपार. 'लास्ट प्राइस?' विचारायची तिला गरजच पडायची नाही.

शेवटी सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवरच लिलाव जाहीर केला. बोली पन्नासाच्या पटीत, रात्री दहाला बंद, नंतर तक्रार चालणार नाही. पहिल्या संध्याकाळी ग्रुपवर चार कपाटं, तीन कॉट, दोन शिवणयंत्रं, एक देव्हारा आणि अगणित लेमन सेट. बोली शून्य. सगळ्यांनी सगळ्यांच्या वस्तूंना अंगठा दाखवला. कोणीतरी 'अप्रतिम कपाट' असंही लिहिलं. अख्खी बिल्डिंग एकाच महिन्यात घर रिकामं करतेय, तिथे घेणार कोण?

ह्यांना मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. ह्यांच्या कोकणातल्या गावी उत्सवात देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो. बाजारात किरकोळ पैशांत मिळणारा नारळ, पण खालची वाडी बोलली की वरची वाडी गप्प बसत नाही, आणि आकडा हजारांत जातो. "लिलावाला वस्तू लागत नाही," हे म्हणाले, "वैर लागतं."

आणि त्या रात्री सव्वानऊला ह्यांनी, मला न विचारता, खोक्यांचा फोटो टाकला. 'एकूण बावीस. मजबूत. थर्माकोलसह.'

पहिली बोली दुसऱ्या मजल्यावरून, दोनशे. लगेच चौथा मजला, अडीचशे. आता दुसरा आणि चौथा मजला पार्किंगवरून एकमेकांशी बोलत नाहीत, हे वॉचमनच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पाचशे. सहाशे. तळमजल्याने मध्येच साडेसहाशे करून अंग काढून घेतलं. देव्हाऱ्याला जे जमलं नाही ते मिक्सरच्या खोक्याला जमलं होतं. घर हलवायचं सगळ्यांना आहे, भरायचं कशात हे कोणालाच सुचलं नव्हतं. दहाला पाच मिनिटं असताना आठशे. नऊ एकोणसाठला चौथा मजला, साडेआठशे. दुसऱ्या मजल्याचं 'टायपिंग' दिसत राहिलं आणि दहा वाजले. जिन्यात कुठेतरी दार आपटलं.

हे काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघून पाणी प्यायले.

निघायच्या दिवशी आमचं सामान चादरींच्या बोचक्यांत होतं, कारण पॅकर्सवाला एका खोक्याचे जे पैसे मागत होता ते ऐकून ह्यांनी खुर्चीचा आधार घेतला होता. बंब मधोमध, सासूबाईंच्या मांडीशी. चौथ्या मजल्याचा टेंपो आमच्या पुढे उभा, त्यात आमच्या टीव्हीचं, आमच्या ओव्हनचं, आमच्या दोन मिक्सरांचं खोकं. 'नाजूक' वाचून हमालाने टीव्हीचं खोकं जपून वर ठेवलं. आत चपला होत्या.

टेंपो सुटणार इतक्यात हे धावत गेले, ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकले आणि आत बसलेल्या शेजाऱ्यांना म्हणाले, "नव्या घरी सामान लावून झालं की खोकी टाकू नका हं. फोन करा. मी येऊन घेऊन जाईन."