भारतातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट १९९४ ला नाही, १९६८ ला आणि ते पण परळला

ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, "भारतातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झालं". अर्धवट आहे हे. ३ ऑगस्ट १९९४ ला डॉ. वेणुगोपाल यांनी केलं ते पहिलं *यशस्वी* ट्रान्सप्लांट, आणि त्यांचं श्रेय मोठंच आहे, पण त्याआधी २६ वर्षं, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी माणसाचं हृदय बदललं होतं. दक्षिण आफ्रिकेचे सर्जन डॉ. बर्नार्ड यांनी केपटाउनला जगातलं पहिलं केलं ३ डिसेंबर १९६७ ला, म्हणजे मधे जेमतेम अडीच महिने!

पेशंट काही तासच जगला हे खरंय. पण बर्नार्ड यांचा पहिला पेशंट पण १८ दिवसांतच गेला, त्यांना कोणी यादीतून काढत नाही ना. तेव्हा सायक्लोस्पोरिन (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते औषध) नव्हतं, आपल्याकडे ब्रेन डेथचा, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडला की माणूस मृत मानायचा, कायदा नव्हता (तो पण १९९४ चाच), आणि हे सगळं महापालिकेच्या हॉस्पिटलात चाललेलं.

आणि सेन म्हणजे फक्त हे एक ऑपरेशन नव्हे, रक्तवाहिन्यांची सर्जरी आपल्याकडे रुजवणाऱ्यांत ते होते. सापाच्या हृदयाला रक्त थेट आतल्या पोकळीतून मिळतं, ते बघून त्यांनी हृदयाच्या स्नायूला सुईने बारीक भोकं पाडून रक्त पोचवायचा प्रयोग केला, १९६५ च्या सुमाराला, पुढे जगात तेच काम लेसरने करून बघितलं गेलं. १९६९ ला पद्मभूषण मिळालं त्यांना.

मेसेज पुढे पाठवणार असाल तर "पहिलं" च्या पुढे "यशस्वी" टाका प्लीज.