कर्नलसाहेबांसाठी कन्यासंगोपन

समजा, तुम्ही ग्रीक लष्करात कर्नल आहात. २१ एप्रिल १९६७ ला रणगाडे रस्त्यावर आणून तुमच्या मंडळींनी देश ताब्यात घेतलाय, आणि घरात चौदा वर्षांची मुलगी आहे. देशाचं काम सोपं होतं हो!

तुमचे म्होरके पापादोपुलोससाहेब म्हणतात, देश आजारी आहे, म्हणून प्लास्टरमध्ये घातलाय. मुलीलाही घाला. शाळेचा निळा झगा गुडघ्याखाली किती बोटं येतो, ते रोज दारात उभं करून मोजा. स्वतः वाकू नका, पँटची इस्त्री मोडते. बायकोला वाकायला सांगा.

डाव्या विचारांचा संगीतकार मिकिस थिओडोराकिस, त्याच्या गाण्यांवर लष्कराच्या १३ क्रमांकाच्या हुकुमानं बंदी आलीय. मुलगी भांडी पुसताना नुसती गुणगुणली तरी कान टवकारा. चाल ओळखण्याइतकं गाणं तुम्हाला पाठ असणारच. ते कसं काय, असं तिनं विचारलं तर तिला खोलीत पाठवा.

हुंड्याची पेटी आत्तापासूनच भरायला घ्या. (हसू नका. आपल्याकडे हुंडाबंदी १९६१ ची, त्यांच्याकडे थेट १९८३ ची. एवढाच काय तो फरक.) चादरी, अभ्रे, क्रोशाच्या लेसा. विणताना पोरीची मान खाली राहते. डोळे दिसत नाहीत, तेवढी एक गैरसोय.

नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या दिवशी, मात्र हात आखडता घेऊ नका. छोटा ट्रान्झिस्टर द्या. लष्करी बँड आणि साहेबांची भाषणं तिच्या कानावर पडायला हवीत.

विद्यापीठात जायला पोलिसांचा 'विचार शुद्ध असल्याचा' दाखला लागतो. तुमच्या मुलीला तो चहा संपायच्या आत मिळेल. पोलिसांना तरी तिचे विचार कुठे माहीत आहेत?

नोव्हेंबर १९७३ मध्ये पोरं अथेन्सचं पॉलिटेक्निक अडवून बसतील. तेव्हा तिला घरात कोंडा, किल्ली खिशात ठेवा. आत पोरांनी जोडाजोड करून रेडिओ केंद्र उभारलंय म्हणे. 'इथे पॉलिटेक्निक', असं सांगणारी मारिया दमानाकी अवघी एकवीस वर्षांची. तिचा बाप काय करत होता, असं चारचौघांत जरूर म्हणा.

१७ तारखेला पहाटे तीनच्या सुमारास रणगाडा फाटक पाडेल. आवाज बंद होईल. मग मुलीच्या खोलीत डोकवा. ती झोपलेली असेल, तुम्हीच शिकवल्यासारखी ताठ, पांघरुणाला एक सुरकुती नाही. उशीखाली हात घालू नका. ट्रान्झिस्टर कोमट लागेल.