सिबिल वाढवा, नाव कमवा

अंथरूण पाहून पाय पसरावे, कुणाचं देणं ठेवू नये, असं काही घरातून शिकवलं असेल तर आधी ते रामकुंडावर सोडून या. ज्या माणसाने जन्मात कुणाचा रुपया उचलला नाही त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो पतीचा आकडा, किती असतो, माहीत आहे? वजा एक. म्हणजे ‘इतिहासच नाही’. सातपूरच्या कंपनीत तीस-पस्तीस वर्षं घासलेले, आधी सायकल आणि मग स्कूटर रोखीने घेतलेले तुमचे काका बँकेच्या लेखी अजून जन्माला यायचेत. ३०० ते ९०० च्या पट्टीवर चढायचं असेल तर आधी कुणाचं तरी देणं लागलं पाहिजे. नोटा आपल्या नाशिकरोडला छापतात हे खरं, पण पत कुठे छापतात ते नाशिककरांना कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा क्रेडिट कार्ड घ्या. शोधायला जावं लागत नाही. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावरून पाय खाली पडायच्या आत टाय लावलेला पोरगा पुढ्यात येतो. “सर, लाइफटाइम फ्री आहे, फक्त पॅन नंबर.” त्याला नाही म्हणू नका, बिचाऱ्याचं टार्गेट असतं. घरी पडून राहील, आपल्याला काय!

मग ते दणकून वापरा. लिमिट लाखाची असेल तर पुतणीच्या लग्नाचे दागिने सराफ बाजारात त्याच एका कार्डावर घ्या, नव्वद हजारांचे. “ड्यू डेटला पै न पै भरतो मी” असं चारचौघांत सांगा. भरताच तुम्ही, शंका नाही. फक्त बँक ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या पत मोजणाऱ्या कंपनीला, जो आकडा कळवते तो बहुधा स्टेटमेंट निघालं त्या दिवसाचा असतो. तुम्ही भरता त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. तोवर कागदावर तुम्ही नव्वद टक्के बुडालेले. वापर लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि मोठी खरेदी झाली तर स्टेटमेंटच्या आधीच बरेचसे पैसे भरून टाकावेत, असं काही शहाणे सांगतात. शहाण्यांचं ऐकून कुणाचं भलं झालंय?

जुनं कार्ड रागाच्या भरात बंद करून टाका. लाख-लाखाची दोन कार्डं आणि खर्च चाळीस हजार, तर वापर वीस टक्के. एक बंद केलं की तोच खर्च चाळीस टक्के होतो. खर्च तेवढाच, पगार तेवढाच, उधळे मात्र दुप्पट ठरलात.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढून बघा एकदा. व्याज त्याच दिवसापासून.

आणि मिनिमम ड्यू! याच्याइतकी प्रेमळ सोय जगात दुसरी नाही. पन्नास हजार देणं आहे, बँक म्हणते अडीच हजार भरा, बाकी सावकाश. भरा की. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज झालं १,७५०, त्यावर अठरा टक्के जीएसटी ३१५. तुमच्या अडीच हजारांतून मूळ देणं फिटलं ४३५ रुपये. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदत गेली, पुढच्या महिन्यातल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज. वर्षाचे होतात बेचाळीस टक्के. गावातल्या सावकाराने हा दर लावला असता तर आपण त्याच्या दारात मोर्चा नेला असता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांची वेसण घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्यामुळे आता काळजी नाही, मोकळं रान.

आता मुख्य धडा: न वापरलेलं कार्ड कसं बंद करावं. हा नीट वाचा, कारण मी सध्या याच वर्गात बसलोय.

ते लाइफटाइम फ्री कार्ड कपाटात पाकिटासकट पडलेलं असतं. एक दिवस त्यावर ५९० रुपये लागतात. पाचशे वार्षिक फी, नव्वद जीएसटी. मेसेज येतो तो प्रमोशनच्या, लोनच्या, लकी ड्रॉच्या मेसेजांच्या गर्दीत. तुम्ही फोन लावता. मराठीसाठी अमुक दाबा, दाबलं की हिंदी. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग ती ट्यून, मग पुन्हा आपला कॉल महत्त्वाचा. अखेर माणूस येतो आणि म्हणतो, “सर, कार्ड बंद करायला आउटस्टँडिंग शून्य पाहिजे.” अहो, आउटस्टँडिंग तुमच्याच चुकीच्या फीचं आहे! “बरोबर सर, पण सिस्टीममध्ये दिसतंय.” मग फी काढा. “त्यासाठी रिक्वेस्ट टाकावी लागेल.” टाका. “टाकली सर. आणखी काही मदत करू शकतो?” शाखेत जावं तर तिथली मॅडम शेजारच्या खुर्चीकडे बघत म्हणते, कार्डवाल्यांचं डिपार्टमेंट वेगळं असतं. विकताना बँक एकच होती, आता दोन झाल्या! दरम्यान ५९० वर लेट फी बसते, लेट फीवर जीएसटी बसतो आणि आपण बसतो तोंडात मारल्यासारखे.

रिझर्व्ह बँकेने हे सगळं लिहून ठेवलंय, बरं का. वर्षभर न वापरलेल्या कार्डाबाबत बँकेनेच ग्राहकाला कळवायचं आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद करायचं. ग्राहकाने बंद करा म्हटलं तर सात कामाच्या दिवसांत करायचं, नाहीतर दिवसाला पाचशे दंड ग्राहकाला द्यायचा. अट एकच, बाकी नसावी. म्हणून तर आधी बाकी लावतात! थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी सात दिवसांची नोटीस द्यायची. कसली नोटीस आणि कुणाला? मला कळलं ते गृहकर्जाच्या टेबलावर. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटची फाईल उघडी, समोरचा साहेब स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, “सर, हा ओव्हरड्यू कसला?” लाल रंगात ५९० आणि पुढची लेट फी. स्कोअर घसरला म्हणून व्याज पाव टक्का जास्त. चाळीस लाखांवर वीस वर्षांत पाव टक्का म्हणजे दीड लाखाच्या घरात जातो. पाचशे रुपयांची चूक त्यांची आणि दीड लाख माझे.

१ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला ब्युरोकडे जाऊ लागली. छान. चूक पंधरवड्यात पोचते. दुरुस्ती कुठल्या बैलगाडीने निघालीय?

पुरे झाली ही थट्टा. तिकडे निफाड-लासलगावच्या कांदावाल्यालाही पीककर्जासाठी सिबिल विचारतात, मुख्यमंत्र्यांनी जाहीर तंबी देऊनही. ज्याचा भाव कोण ठरवतं तेच माहीत नाही त्या माणसाची पत तुम्ही तीन आकड्यांत मोजता? आणि स्वतःची पत कशात मोजता हो? एका पोराला टाय बांधून मॉलमध्ये उभं करायचं, खोटं बोलायला लावायचं आणि मग ‘आम्ही असं काही सांगितलं नव्हतं’ म्हणायचं, याला काय स्कोअर द्यायचा?

आणि तुम्हीही. हो, तुम्हीच. देशातल्या चारही ब्युरोंनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, काढलाय कधी? कॉलेज रोडला मिसळीच्या टेबलावर “माझा आठशेच्या वर आहे” असं सांगता, तो आकडा कुठल्या तरी ॲपने लोन विकायला दाखवलेला असतो. स्टेटमेंटचं दुसरं पान वाचत नाही. चूक दिसली तर “जाऊ दे ना, पाचशेच रुपये” म्हणून भरून मोकळे होता, म्हणूनच दर वर्षी कुणाला तरी लावून बघतात. रिपोर्टातल्या चुकीची तक्रार केली आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते. मागितली कुणी? नाही दिलं उत्तर तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, घरबसल्या, एक पैसा न देता. तिथे लिहिण्याऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर रडता.

मी तक्रार केली. काल बँकेचं उत्तर आलं. गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि ‘सदिच्छा म्हणून’ ५९० परत करत आहोत. सदिच्छा? माझे पैसे मलाच परत, आणि सदिच्छा तुमची? रिपोर्टातल्या नोंदीबद्दल त्या मेलमध्ये अवाक्षर नाही. ती नोंद काढा आधी.