हत्यार हातात आलं म्हणजे अक्कल आली?

"जनावराला अक्कल किती, हे त्याच्या हातातल्या हत्यारावरून कळतं," असं पक्यानं जाहीर केलं. पक्याचं गॅरेज आहे, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्याला पाना-पक्कड लावूनच समजते. त्यानं मोबाइलवर चिंपांझी पाहिला होता, वारुळात काडी घालून वाळवी खाणारा. "अजून थोडी वर्षं द्या, तो माझं गॅरेज चालवेल."

मनीषा ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. अशा वेळी तिला गप्प बसवत नाही.

"ती काडी गाजली १९६० साली. टांझानियातलं गोंबे, तेव्हाचं टांगानिका. जेन गुडाल २६ वर्षांची, कॉलेजची पदवीसुद्धा नव्हती. तिला एक नर दिसला, पांढऱ्या दाढीचा. तिनं त्याला डेव्हिड ग्रेबिअर्ड म्हणायला सुरुवात केली. तो वारुळाच्या भोकात काडी सरकवायचा. आतली सैनिक वाळवी चिडून काडीला चावते आणि धरलेलं सोडत नाही. मग काडी हळूच ओढायची आणि ओठांनी ओरपायची. बरं, मिळेल ती काडी घेतली असंही नाही. डहाळी मोडून तिची पानं ओरबाडून काढायचा. म्हणजे हत्यार बनवत होता. तोपर्यंत सगळे म्हणत होते, हत्यार बनवतो तो माणूस. तिला तिथं पाठवणाऱ्या, आदिमानवाचा अभ्यास करणाऱ्या लुई लीकींनी तार केली, आता एक तर हत्याराची व्याख्या बदला, नाहीतर माणसाची, नाहीतर चिंपांझींना माणसांत घ्या."

"मग मी काय वेगळं बोलतोय?"

"लीकी व्याख्येबद्दल बोलले. तू अकलेचं माप काढतोयस."

विनू बँकेत आहे, त्याला जुन्या नोंदी काढायची खोड. चिंपांझी दगडानं टणक फळं फोडतात हे पश्चिम आफ्रिकेतून १८४४ सालीच छापून आलं होतं, ही माहिती त्यानं पुरवली. मनीषानं ते मान्य केलं. पण ती एक ऐकीव नोंद होती, म्हणाली. रोज तासन्‌तास जंगलात बसून एकेका प्राण्याला ओळखणं ही गुडालबाईंची भर. (बाई २०२५ च्या ऑक्टोबरात ९१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत फिरत, बोलत.)

मग मनीषानं पक्याला मुंगीनं हाणलं. कोकणात आंब्यावर ओंबील असतात ना, त्या लाल, कडकडून चावणाऱ्या मुंग्या? पानं जोडून हिरवा गोळा करतात. पानं चिकटवायला रेशीम लागतं आणि ते मोठ्या मुंगीकडे नसतंच. ते असतं अळीकडे. म्हणून कामकरी मुंगी घरातली अळी जबड्यात धरून आणते, एका पानाच्या कडेला टेकवते, अळी धागा सोडते, मुंगी तिला दुसऱ्या पानाच्या कडेला नेते, परत इकडे आणते. शिवण पूर्ण होईपर्यंत हेच.

"मुंगीला कुठं कळतंय ती काय करतेय!" पक्या म्हणाला.

"नाहीच कळत. म्हणजे हत्यार दिसलं की अक्कल दिसली, हे तूच खोडलंस."

पक्या एवढ्यावर हरणारा नाही. मुंगी सोड, कावळा घे म्हणाला. त्याला पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्याचं माहीत होतं. त्यातल्या बेटी नावाच्या मादीची गोष्ट खरोखरच झकास आहे. ऑक्सफर्डमध्ये दोन कावळे, एका उभ्या नळीच्या तळाशी छोटी बादली, बादलीत खाऊ. शेजारी एक सरळ तार आणि एक वाकडी. दुसऱ्या कावळ्यानं वाकडी तार पळवली. बेटीनं सरळ तारेचं टोक अडकवून वाकवलं, आकडा केला आणि बादली वर ओढली. २००२ साली हे छापून आलं आणि जगभर कौतुक झालं. कधी न पाहिलेली वस्तू, कुणी न शिकवता!

"आणि २०१६ मध्ये काय झालं ते सांग," मनीषा म्हणाली. तिनंच सांगितलं. त्याच जातीचे जंगलातून धरलेले कावळे अभ्यासले, तर ते काड्यांची हत्यारं करताना त्या वाकवतातच, असं दिसलं. शिवाय माणसानं हातावर वाढवलेली पिल्लं एकही मोठा कावळा न पाहता काडी वापरायला लागतात. म्हणजे बेटीचं ते डोक्यात वीज चमकणं होतं की जातीची खोड तारेवर उतरली, हे आता छातीठोक सांगता येत नाही.

मला व्यक्तिशः बेटीबद्दल वाईट वाटलं. एवढी हुशार म्हणून गाजली आणि चौदा वर्षांनी गुण कापले. पण कापणारेही प्रामाणिक होते, हे मान्य करायला हवं.

विनूनं उलट बाजूचं उदाहरण दिलं, आणि मला वाटतं संध्याकाळचा सगळ्यात चांगला मुद्दा तोच होता. बोनोबो. चिंपांझीचा सख्खा भाऊबंद, पण जंगलात खाण्यासाठी हत्यार जवळजवळ वापरतच नाही. पक्याच्या मापानं तो मठ्ठ. पण अमेरिकेत वाढलेल्या कान्झी नावाच्या बोनोबोला दगडावर दगड हाणून धारदार कपच्या काढायला शिकवलं, तर त्यानं त्या काढल्या आणि त्यांनी दोरी कापून आपला खाऊ मिळवला. अक्कल होतीच. जंगलात तिला तसलं काम नव्हतं.

"मग हत्यार कशाचं माप आहे?" पक्या जरा वैतागला.

मनीषा आयव्हरी कोस्टमधल्या ताई नावाच्या जंगलात शिरली, आणि मग तिला थांबवणं अवघड होतं. तिथं चिंपांझी झाडाच्या मुळाच्या खोबणीत फळ ठेवतात आणि लाकडाच्या ओंडक्यानं किंवा दगडानं फोडतात. पांडा नावाचं फळ इतकं टणक की त्याला जड दगडच लागतो, आणि त्या जंगलात दगड सहज मिळत नाहीत, म्हणून लांबून वाहून आणतात. तिथं उकरलं तेव्हा चिंपांझींचे ४,३०० वर्षांपूर्वीचे दगड निघाले. गिनीतल्या बोसूला जपानी संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लांवर नजर ठेवली. एक दगड खाली, त्यावर फळ, दुसरा दगड हातात. हे तीन एकत्र जुळायला पिल्लाला तीन ते पाच वर्षं लागतात. तोवर ते आईच्या कुशीत बसून बघतं, तिच्या फोडलेल्यातलं खातं, रिकाम्या जागेवर दगड आपटतं, फळावर हात मारतं. साधारण सात वर्षांपर्यंत जमलं नाही, तर पुढे जमत नाही.

इथं पक्या एकदम जागा झाला. "असं आधी बोलायचं ना! माझ्याकडं नवा पोऱ्या येतो तेव्हा मी कुठं शिकवतो? वर्षभर तो पाने देतो, चहा आणतो, बघत बसतो. एक दिवस मी नसताना कार्ब्युरेटर उघडतो. शिव्या खातो. पण शिकलेला असतो."

"आणि तू कधी स्वतःचा पाना त्याच्या हातात देतोस?"

"चांगला असला तर."

काँगोतल्या गुआलुगोत चिंपांझी आया नेमकं तेच करताना दिसल्यात. वाळवी काढायची चांगली काडी पिल्लाला देऊन टाकतात, कधी लांबीनं चिरून अर्धी देतात. स्वतःचं खाणं तेवढं मागं पडतं.

आता दोघांचं जुळलं असं वाटत होतं, तेवढ्यात विनूनं काडी टाकली. सगळे बघून शिकले, तर पहिला कुणाचं बघून शिकला?

मनीषाकडे याचं अर्धं उत्तर होतं. बोसूपासून थोड्या अंतरावर निंबा डोंगरात चिंपांझींची दुसरी टोळी आहे, जी फळं फोडत नाही. संशोधकांनी त्यांच्या वाटेवर दगड आणि तेलमाडाची फळं ठेवून बघितली. २०२२ मध्ये निकाल छापला. ते आले, हुंगलं, हाताळलं, गेले. एकानंही फोडलं नाही. म्हणजे हा शोध सहज कुणालाही लागत नाही.

"त्यांच्यापुढं दगड टाकले, फळं टाकली. भूक टाकली का?" पक्या म्हणाला. "पोट भरलेलं असताना कोण उगाच दगड आपटेल?"

मुद्दा वाटतो तितका बाळबोध नाही. बोसूत गोड फळं कमी पडतात त्या दिवसांत फोडाफोडी वाढते, हे नोंदवलेलं आहे. पण इतर ठिकाणी तसं दिसत नाही. तिथं भुकेपेक्षा समोर आलेली संधी जास्त महत्त्वाची ठरते. यावर जाणकारांतही एकमत नाही, तर आमचं काय होणार.

मनीषा म्हणाली, भूक सगळीकडे असते. आयव्हरी कोस्टमध्ये सासान्द्रा नदीच्या पलीकडे, पूर्वेला, तीच झाडं आहेत, दगड आहेत, पण तिथले चिंपांझी फोडत नाहीत. विनू म्हणाला, मग २००६ मध्ये १,७०० किलोमीटर लांब कॅमेरूनच्या एबो जंगलात फोडणारे सापडले ते कसे? तिथं वेगळा शोध लागला, की मधले सगळे विसरले? याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

"नदीपलीकडं एक फोडणारी मादी नेऊन सोडा," पक्यानं तोडगा काढला. "आठवड्यात सगळी टोळी शिकेल."

मादी वयात आली की सहसा टोळी बदलतेच, मनीषा म्हणाली. ताईत शेजारच्या टोळ्यांच्या हातोड्यांच्या आवडी वेगळ्या आहेत. हंगाम पुढं सरकून फळं मऊ झाली की बाकीच्या टोळ्या लाकडाकडं वळतात, एक टोळी दगडच धरून बसते. बाहेरून आलेली मादी काही काळानं नव्या टोळीचं बघून तसंच करायला लागते, आधीची सवय सोडून.

"पण बोसूत उलटं झालं ना," विनू म्हणाला. "तिथं नसलेलं कूला नावाचं टणक फळ आणून ठेवलं, तर यो नावाच्या मादीनं लगेच फोडलं. बहुधा ती दुसरीकडून शिकून आलेली. आणि पोरं तिच्याभोवती जमली."

"पोरंच ना? मोठे नाही ना जमले?" मनीषा.

"माझ्याकडंही मोठे मेकॅनिक कुणाचं ऐकत नाहीत," पक्या म्हणाला, आणि दुसरा चहा कुणाच्या खात्यावर यावरून वेगळंच भांडण सुरू झालं.