खुलासा: कोपनहेगनचं कब्रस्तान पाडून गार्डन केलेलं नाही

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमधलं आसिस्टेन्स कब्रस्तान पाडून गार्डन केलं, थडगी उचलून दुसरीकडे नेली आणि लोक आता तिथे पिकनिक करतात. पिकनिकचं खरंय, बाकी सगळं चूक. नॉरेब्रो भागातलं हे कब्रस्तान 1760 चं, शहराच्या आतली चर्चची आवारं भरून गेली म्हणून बाहेर गरिबांसाठी काढलेलं, पण 1785 मध्ये एका श्रीमंत सरकारी अधिकाऱ्याने मला तिथेच पुरा असं सांगून ठेवलं आणि मग काय, बड्या लोकांची रांगच लागली (फॅशन कशाचीही होते!). तत्त्वज्ञ किर्केगार्द, परीकथा लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन, भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर हे सगळे अजून तिथेच आहेत, गाइडेड टूर घेतली तर या थडग्यांपुढेच थांबत थांबत माहिती देतात, म्हणजे हलवल्याचा प्रश्नच नाही. झालंय इतकंच की काही भाग पार्क म्हणून लोकांना मोकळा आहे, तिथे लोक गवतावर चादर टाकून उन्हात पडतात, आणि काही भागात आजही दफन होतं, तिथे मात्र शांतता पाळायची. आत जायला तिकीट नाही.