सायलेन्सरच्या जागी टर्बो? आधी ऑईल परत कसं येणार ते सांगा

"जुन्या सुमो, कमांडर, मेजरवाल्यांसाठी खुशखबर!" अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. सोबत एक इंग्रजी व्हिडिओ आहे. अमेरिकेतला पिकअप ट्रक, पोटाखाली मागच्या ॲक्सलजवळ लटकवलेला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि कानाला गोड लागणारी शिट्टी. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मागचा सायलेन्सर कापा, तिथे सेकंडहँड टर्बो बसवा आणि तिथून पुढे इंजिनापर्यंत हवेचा पाईप आणा. इंजिनला हात न लावता ताकद दीडपट, ॲव्हरेजही वाढतं. टर्बो मागे असल्यामुळे तापत नाही, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) लागत नाही. ऑईलची एक लाईन नेली की काम झालं, "रिटर्न आपोआप येतो". शिवाय बॉनेटखाली काहीच दिसत नाही, त्यामुळे आरटीओला पत्ता लागत नाही.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुढे सरकतो. पण हा माझ्या मेहुण्याने पाठवला आणि खाली लिहिलं, "दाजी, बसवून घेऊ का? ओळखीचा एक जण स्वस्तात करून देतो म्हणतोय." त्याच्याकडे विनाटर्बोची जुनी सुमो आहे. घाटात माणसं भरली की दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, म्हणून तो वैतागलेला असतो. वैतागलेल्या माणसाला असा मेसेज म्हणजे आयतं आमंत्रण. तेव्हा फोनवर जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. मागे टर्बो बसवणं ही थाप नाही. अमेरिकेत युटामधल्या स्क्वायर्स टर्बो सिस्टिम्स या कंपनीने असे किट बनवून विकले आणि त्यांवर गाड्या नीट पळाल्या. पण त्या बहुतेक मोठ्या, आठ सिलेंडरच्या (व्ही-८) पेट्रोल इंजिनांच्या गाड्या होत्या. बॉनेटखाली जागा नाही, मॅनिफोल्ड (सिलेंडरांतला धूर गोळा करणारा फाटेदार पाईप) बदलण्याचा खर्च नको, म्हणून टर्बो मागे नेला. किटमध्ये काय काय होतं हे मेसेजवाल्याने बघितलं असतं तर हा मेसेज लिहिलाच नसता. त्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू होती ऑईल परत खेचणारा पंप. आपल्या मेसेजमधून नेमकी तीच गायब आहे.

म्हणून सुरुवात ऑईलपासूनच करतो.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याच्या बुशला (बेअरिंगला) आधार असतो तो इंजिन ऑईलच्या पातळ थराचा. प्रेशरने ऑईल वरून आत येतं, बुशमधून फिरतं, फेसाळतं आणि खालच्या जाड पाईपातून बाहेर पडतं. या बाहेर पडण्याला कसलंही प्रेशर नसतं, ते निव्वळ उतारावर चालतं. कंपनीच्या कुठल्याही टर्बो इंजिनात वाकून पाहा. टर्बो उंचावर असतो आणि त्याचा रिटर्न पाईप सरळ खाली, वीतभर अंतरावर ब्लॉकमध्ये किंवा चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या टाकीत) उतरतो. त्या पाईपात ऑईल साठेल असा बाकही चालत नाही.

आता सायलेन्सरची जागा बघा. ती चेंबरच्या पातळीत किंवा त्याच्याही खाली येते, आणि इंजिनपासून सुमारे तीन मीटर मागे. तिथून ऑईल पुढे आणि वर, स्वतःहून चालत जाणार? मोरी अंगणापेक्षा खोल बांधली तर पाणी घरातच साठतं, हे कुठल्याही गवंड्याला विचारा. इथे "घर" म्हणजे टर्बोचा मधला भाग. तो ऑईलने तुडुंब भरतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना जे सील असतात ते पिस्टन रिंगच्या जातीचे, रबरी बुचासारखे गच्च बसणारे नव्हेत. वायूचं प्रेशर आणि फिरता दांडा यांच्या जोरावर ते ऑईल अडवतात. साठलेल्या ऑईलपुढे त्यांचं काही चालत नाही.

मग ऑईल दोन दिशांनी फुटतं. धुराच्या बाजूने गेलं तर मागे निळा धूर, ऑईल कमी होत जाणं आणि तापलेल्या लोखंडावर ऑईल पडून आगीची भीती. हे वाईट, पण डोळ्यांना दिसतं तरी. दुसरी वाट हवेच्या बाजूची. तिकडून फुटलेलं ऑईल पाईपाने थेट इंजिनाच्या तोंडात जातं. पेट्रोल गाडीत यामुळे धूर आणि प्लगची घाण होते. डिझेलमध्ये ते इंधन ठरतं. आपला पंप मोजून डिझेल सोडतो आणि बाजूने न मोजलेलं ऑईल येऊन जळतं. इंजिन रेस होतं, रेस झाल्याने टर्बो आणखी फिरतो, तो आणखी ऑईल ओढतो. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल तोडते. स्वतःचंच ऑईल पीत ते वाढत जातं आणि शेवटी पिस्टनचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो किंवा सगळं जाम होतं.

अशा वेळी जाणता ड्रायव्हर टॉप गिअर टाकतो, ब्रेकवर उभा राहतो आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद पाडतो. नाहीतर हवेचं तोंड बुजवतो. नेहमीच्या गाडीत एअर फिल्टरचं तोंड बॉनेट उघडलं की समोर असतं. या करामतीत ते कुठे असेल? मागच्या चाकाजवळ, गाडीच्या पोटाखाली. म्हणजे किंचाळणाऱ्या इंजिनाच्या गाडीखाली सरपटत जायचं आणि फिल्टरवर पोतं कोंबायचं. मेहुण्याला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला.

"मग पंप लावू की!" लाव. पण तो पंप गरम ऑईल सोसणारा हवा, साधा डिझेलचा इलेक्ट्रिक पंप त्यात टिकत नाही. तो बंद पडला तर ड्रायव्हरला कळेल अशी बत्ती हवी. आणि तीन मीटर जाणाऱ्या-येणाऱ्या ऑईलच्या लाईन दगड, स्पीडब्रेकर आणि सायलेन्सर पाईपाची धग यांपासून वाचवायला हव्यात. यातली मागे प्रेशर नेणारी लाईन एका दगडाने फाटली तर सगळं ऑईल रस्त्यावर जातं. ऑईलचा लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंगचा निकाल लागलेला असतो. ग्रीस भरलेल्या बेअरिंगचे, इंजिन ऑईल न लागणारे टर्बोही मिळतात, हेही खरं. पण "ओळखीचा एक जण" जुन्या बाजारातून आणणार आहे तो टर्बो त्यातला नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो.

दुसरा दावा, इंजिनला हात न लावता ताकद दीडपट. इथे मेसेजवाल्याला डिझेल इंजिन मुळातच कळलेलं नाही. डिझेलमध्ये ताकद ठरते ती किती डिझेल पडलं यावर. मेकॅनिकल पंपाच्या सुमोत पंप जेवढं ठरलंय तेवढंच डिझेल टाकतो, हवा जास्त आली की नाही याची त्याला खबरच नसते. नुसती हवा वाढवली तर काळा धूर कमी होईल, किंचित फरक जाणवेल, बस्स. ताकद हवी तर पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवावं लागतं. म्हणजे इंजिनला हात लागलाच. आणि टर्बो भरेपर्यंत, म्हणजे नेमका घाटात खालच्या आरपीएमला, ते जास्तीचं डिझेल अर्धवट जळून काळा धूर आणि तापलेले पिस्टन देतं.

सुमोचं ते १९४८ सीसीचं जुनं विनाटर्बो इंजिन साठ-पासष्ट हॉर्सपॉवरच्या हिशोबाने बांधलेलं आहे. कंपनीलाही ताकद हवी होतीच, म्हणून १९९८ च्या सफारीत याच घराण्याचं १९४८ सीसीचं टर्बो इंजिन आलं. त्यात टर्बो कुठे होता? मॅनिफोल्डला चिकटून, हेडच्या शेजारी. कारखान्यात बसलेल्या इंजिनिअरांना सायलेन्सरची जागा दिसली नव्हती असं वाटतं का?

टर्बो मॅनिफोल्डला चिकटवतात त्याला कारण आहे, आणि ते मेसेजमधल्या "टर्बो धुराच्या वेगावर फिरतो, उष्णतेवर नाही" या वाक्याला छेद देतं. समजा मॅनिफोल्डपाशी धूर ६०० अंशांवर आहे आणि मागे पोचेपर्यंत ३०० वर आला. केल्विनमध्ये मोजलं तर ८७३ वरून ५७३. म्हणजे त्याच धुराचं आकारमान एक तृतीयांशाने कमी झालं, आणि टर्बाईनला (टर्बोच्या धुराकडच्या पंख्याला) देण्याजोगी उष्णताही घटली. पेट्रोलचा धूर निदान जास्त गरम तरी असतो. डिझेलचा मुळात थंड, त्यात तीन मीटरचा प्रवास. अमेरिकन किटवाले म्हणूनच मागे मुद्दाम लहान टर्बाईन हाऊसिंग निवडतात. आपल्याकडे मात्र मोठ्या गाडीचा मिळेल तो टर्बो मागे टांगायचा बेत आहे. तो घाट संपल्यावर जागा होईल.

इथे मेसेजच्या विरोधकांचाही एक कान पिळतो. "इतक्या लांब पाईपात हवा भरेपर्यंतच किती वेळ जाईल" असं काही जण लिहितात, ते अतिरेकी आहे. दोन इंची, तीन मीटर पाईपात सहा लिटर हवा मावते. अर्धा बार बूस्टसाठी (टर्बोने दिलेल्या जादा दाबासाठी) त्यात आणखी तीन लिटर ढकलायची. दोन हजार आरपीएमला हे इंजिन सेकंदाला तीस लिटरच्या आसपास हवा ओढतं. हिशोब सेकंदाच्या लहानशा भागाचा होतो. उशीर होतो तो थंड धुरामुळे आणि चुकीच्या टर्बोमुळे.

इंटरकूलर लागत नाही, यात अर्ध सत्य आहे, देऊन टाकतो. अर्धा बार दाबताना ३० अंशांची हवा साधारण ऐंशीच्या वर जाते, आणि लांब धातूच्या पाईपात ती थोडी निवते. फक्त तो पाईप सायलेन्सर पाईपाला खेटून आणू नका, नाहीतर ती वाटेत पुन्हा तापेल. आणि "टर्बो तापत नाही" म्हणजे हात लावता येतो असं कोणी समजू नये.

ॲव्हरेजच्या दाव्यावर शब्द खर्च करायची इच्छा नाही. डिझेल वाढवून ॲव्हरेज वाढत असतं तर पेट्रोलपंपवाल्यांनी कधीच दुकानं बंद केली असती.

पाण्याबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही. पावसाळ्यात कोकणात उतरणारे लोक हवेचं तोंड छपरापर्यंत उंच नेणारा स्नॉर्केल लावतात आणि हा गृहस्थ तेच तोंड मागच्या चाकाच्या चिखलात नेऊन ठेवतोय. ओढ्यातून गाडी काढताना फिल्टर बुडाला की पाणी सिलेंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो.

राहिला आरटीओचा मुद्दा. "कळत नाही" म्हणजे "चालतं" नव्हे, पण कळण्याबद्दलही बोलू. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सध्याचं कलम १८२अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इथे शब्द "मालक" असा आहे. बसवून देणारा "ओळखीचा एक जण" कोर्टाच्या तारखेला तुमच्यासोबत उभा राहणार नाही.

आणि जुन्या सुमोची १५ वर्षं उलटलेली असतात. दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायला गाडी तपासणीला न्यावी लागते. गाडीखाली वाकणारा माणूस बॉनेटवर समाधान मानेल, ही आशा कुठून आली? अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळेल ते वेगळंच. ज्या अमेरिकेचा व्हिडिओ दाखवतात तिथेही मोकळं रान नाही. कॅलिफोर्नियात असा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा तर तिथल्या हवा प्रदूषण मंडळाचा सूट देणारा आदेश लागतो.

मेहुण्याला मी सांगितलं, टर्बोचे पैसे खिशात ठेव आणि सुमो नोझल टेस्टिंगवाल्याकडे ने. डिझेल फवारणारे चारही नोझल, पंपाचं टायमिंग, एअर फिल्टर, सिलेंडरचं कॉम्प्रेशन आणि क्लच प्लेट, एवढं बघून घे. जुनी गाडी घाटात दम तोडते ती बहुतेकदा यातल्याच कशामुळे. कॉम्प्रेशनच गेलं असेल तर टर्बोने ते येत नाही, उलट राहिलेलंही जातं. सगळं ठीक निघूनही गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये चढत असेल तर भरलेल्या विनाटर्बो सुमोची चाल तीच आहे. मग कंपनीचाच टर्बो असलेली सेकंडहँड गाडी बघ, मी सोबत येतो.