उरलेले दोन पीस

भाचीने बँकेतली नोकरी सोडून कपड्यांचं दुकान काढायचं ठरवलंय. परवा म्हणाली, “मावशी, तुझं किती छान, रोज नवे कपडे बघायला मिळतात!” इंदूरच्या सीतलामाता बाजारात बावीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या बाईला हे ऐकून हसू येणारच. नवे कपडे मी बघते ते सुरत-जयपूरचा गठ्ठा फुटतो त्या दिवशी. एरवी जुनेच.

हिशेब सांगते. जीएसटी बाजूला ठेवा. कुर्तीचा सेट पाच साइझचा येतो, एमपासून थ्रीएक्सेलपर्यंत. सुटा पीस घाऊकवाला देत नाही. साडेचारशेचा एक, म्हणजे सेट २२५० रुपयांना पडला. मी विकते साडेसातशेला. एल, एक्सेल, डबल एक्सेल आठ-दहा दिवसांत उठतात. तीन गेले की २२५० गल्ल्यात आले, घातलेले पैसे सुटले. आता भाडं, वीज, दोन मुलींचे पगार आणि माझी पोळी-भाजी कशातून? उरलेल्या दोन पीसमधून. आणि ते दोन, एम आणि थ्रीएक्सेल, रॅकवर बसलेले. वर्षअखेरीला सीएला कागदावर जो नफा दिसतो ना, त्याला मी रोज फडक्याने झटकत असते.

म्हणून माझं मत आहे की कपड्याचा दुकानदार गिऱ्हाइकापुढे नाही, खरेदीच्या गादीवर बुडतो. समोर चहा येतो, “भाभीजी, एकदम रनिंग आइटम है” असं म्हणतात आणि आपण भुलतो. मी तर स्वतःच्याच आवडीला भुलले होते. दुसऱ्याच वर्षी एक फिरोजी अनारकली इतका आवडला की बारा सेट उचलले. साठ पीस! पुढे दोन दिवाळ्या आमच्या घरात ज्याला त्याला फिरोजी भेट मिळाली. सासूबाईंनी शेवटी उशीचे अभ्रे शिवले.

हे फक्त आमच्यासारख्यांचं नाही. किशोर बियाणींनी १९९७ मध्ये कोलकात्यात पँटलून्सचं मोठं कपड्यांचं दुकान उघडलं, देशभर साखळी उभी केली. कर्ज इतकं वाढलं की २०१२ मध्ये तीच साखळी बिर्ला समूहाकडे सोपवायचा करार करावा लागला. त्यांच्या हुशारीवर बोलायची माझी पात्रता नाही. पण माल वेळेवर फिरला नाही की भाडं आणि व्याज थांबत नाही, हे मला माझ्या दहा बाय अठराच्या दुकानात चांगलंच कळतं.

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा, सप्टेंबर घ्या. पितृपक्षात आमच्याकडे तसंही कोणी नवं कापड घेत नाही. त्यात ३ तारखेला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले. शिवलेल्या कपड्याला आधी हजारापर्यंत ५ टक्के आणि पुढे १२ होते. आता २५०० पर्यंत ५ आणि पुढे थेट १८. लागू २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी. मधले दिवस गिऱ्हाईक यायचं, अठराशेचा ड्रेस अंगाला लावून बघायचं आणि “नवरात्रात घेऊ” म्हणून निघून जायचं. त्यांचं काय चुकलं? पुढे नवरात्रात धंदा झालाही, पण लग्नाचे भारी घागरे महागले, त्याचा बोल मलाच. साडीचं बरं आहे, ती शिवलेली नसते, म्हणून किंमत काहीही असो, ५ टक्केच.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग मावशी, तू का करतेस?”

उत्तर सुचेना, तर मला जानेवारीतली एक बाई आठवली. अंगाने भरलेली, राजवाड्याजवळचा अर्धा बाजार फिरून दमलेली. सगळीकडे “आपके साइझ में नहीं है” ऐकून आलेली. मी वरच्या रॅकवरून चार वर्षांपूर्वीची मोरपंखी थ्रीएक्सेल काढली. ट्रायल रूममधून बाहेर आली ती आरशासमोरून हलेचना. भावही केला नाही. जाताना म्हणाली, “दीदी, अब तो यहीं आऊँगी.”

त्या आनंदात पुढच्या खेपेला सुरतवाल्याच्या मागे लागून जादाचे आठ थ्रीएक्सेल मागवले. त्यातले सात अजून दुकानातच आहेत.